जुना ऑफिस कॉम्प्युटर दुरुस्त करावा की भंगारात द्यावा? पैसे घालण्याआधी या गोष्टी तपासा

रत्नागिरी : मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, पतसंस्था, सेतूचं दुकान, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, "तुमचा कॉम्प्युटर आता गेला, नवीन घ्या." दुसरीकडे मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले डबे चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात येताना गाडीत टाकून आणतात. "फुकट मिळालाय, थोडे पैसे घातले की चालेल," असं म्हणतात. नवीन घ्या म्हणणारा बरोबर असेलच असं नाही, आणि फुकटचा डबा फुकटात पडेल असंही नाही.

कॉम्प्युटर किती वर्षांचा आहे किंवा बाहेरून कसा दिसतो, यावर निर्णय घेऊ नका. आपल्याकडे जुन्या हापूसच्या झाडाची छाटणी करून ते पुन्हा धरतं करतात, पण त्याआधी खोड बघतात. खोड धड असेल तर छाटणी, पोखरलेलं असेल तर कुऱ्हाड. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. काम काय, आतला प्रोसेसर कुठल्या पिढीचा आणि एकूण खर्च किती, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की उत्तर मिळतं.

आधी काम ठरवा

दाखले टाइप करणं, पत्र छापणं, हिशोबाचा तक्ता भरणं, मुलांनी यूट्यूबवर धडा बघणं, एवढंच काम असेल तर दहा वर्षं जुना ऑफिस डेस्कटॉपही पुरतो. पण बँकेचे व्यवहार, लोकांचे आधार-पॅनचे कागद अपलोड करणं, अंगठा घेण्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं डोंगल लावणं असेल तर सुरक्षा अपडेट चालू असलेली सिस्टीम पाहिजे. यात तडजोड नको. तुमच्या एकट्याच्या पैशांचा प्रश्न नसतो, गावातल्या लोकांची माहिती त्या डब्यात असते.

विंडोज १० चा कॉम्प्युटर बंद पडलेला नाही, तो चालतोच. फक्त सापडलेल्या नव्या भोकांना कंपनी आता नेहमीसारखी ठिगळं लावत नाही. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची योजना आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ७ वर अजून काम करणाऱ्यांनी तर थांबूच नये. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि २०२३ पासून क्रोमची नवी आवृत्तीही त्यावर येत नाही. सरकारी वेबसाइट अर्धवट उघडते, बटणं दबत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

प्रोसेसरची पिढी कशी ओळखायची

'धिस पीसी' किंवा 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलचा असेल तर आय३, आय५ किंवा आय७ आणि त्यापुढे एक आकडा असतो. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. आय३-४१३० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन धरा. आय३-१०१०० म्हणजे दहावी. नुसतं 'आय५ आहे' म्हणून कोणी किंमत सांगत असेल तर फसू नका. दुसऱ्या पिढीचा आय५ आणि दहाव्या पिढीचा आय५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साधारण असं धरून चाला :

पेंटियम ४, ड्युअल कोअर, कोअर टू ड्युओ : यात एक रुपयाही घालू नका. आहे तसा चालत असेल तर इंटरनेट न लावता टायपिंगपुरता वापरा. आत रुंद, चपटी पट्टीची केबल हार्ड डिस्कला लावलेली असेल तर तो फारच जुना, विषय संपला.

दुसरी व तिसरी पिढी : चालू असेल तर एसएसडी घालायला हरकत नाही, कारण ती उद्या काढून दुसऱ्या डब्याला लावता येते. पण मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेला असेल तर सोडून द्या.

चौथी ते सातवी पिढी : दुरुस्तीला योग्य. मात्र यावर विंडोज ११ अधिकृतपणे येत नाही. काही ठिकाणी जुगाड करून घालून देतात, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची कंपनी हमी देत नाही. इथे लिनक्सचा विचार करा. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

आठवी पिढी आणि पुढचे : ही पिढी २०१७ च्या अखेरीस यायला लागली. बोर्ड धड असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा. विंडोज १० अस्सल असेल तर ११ फुकटात मिळतं. एएमडीचा प्रोसेसर असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात.

डबा उघडून काय बघायचं

वायर भिंतीतून काढा, मग बाजूचं झाकण उघडा. कोकणात नुसती धूळ बघून भागत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा पिना खाते. पावसाळ्यात चार महिने बंद ठेवलेल्या डब्यात ओल धरते. पाल आणि मुंग्यांना ही जागा फार आवडते.

मदरबोर्डवर उभे छोटे डबे असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं किंवा वर तपकिरी चिकट आलेलं असेल तर बोर्ड आजारी आहे. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर गंज आत शिरला आहे. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पिना काळवंडल्या असतील तर खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवा. कॉम्प्युटर सुरू होताना 'बीप बीप' वाजून डिस्प्ले न येणं पुष्कळदा एवढ्यानेच सुटतं.

तारीख दरवेळी मागे जाते का? मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत आणि लोकांना वाटतं की व्हायरस आला. एका सेलमुळे कॉम्प्युटर भंगारात देऊ नका.

पुरातून काढलेल्या मशीनबद्दल वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घरं, दुकानं, ऑफिसं पाण्याखाली गेली. पुराचा गाळ मदरबोर्डच्या आत, पिनांच्या खाली बसतो. वाळवून मशीन सुरू झालं तरी आतून गंज चालू राहतो. पाण्यात गेलेलं मशीन 'बघू चालतंय का' म्हणून कधीही सुरू करू नका. त्यातली हार्ड डिस्क काढून माहिती वाचवता येते का ते जाणकाराला दाखवा, बाकीवर खर्च नको. सेकंडहँड डबा घेतानाही कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकात वाळलेल्या मातीची रेघ आहे का, ते बघा.

हळू चालतो म्हणजे म्हातारा झाला असं नाही

ऑफिसातला डेस्कटॉप हळू होण्याचं सगळ्यात मोठं कारण जुनी फिरती हार्ड डिस्क हे असतं. तिच्या जागी एसएसडी बसवली की सुरू व्हायला लागणारी चार-पाच मिनिटं अर्ध्या मिनिटावर येऊ शकतात. २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी ऑफिसच्या कामाला पुष्कळ. रॅम ८ जीबी करा, ४ जीबीवर आजचा ब्राउझर रडतो.

जुनी डिस्क ठेवायचीच असेल तर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा. 'गुड' आलं तर ठीक. 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत करा.

शाळेत एकाच मॉडेलचे पाच-सहा डबे बंद पडले असतील तर सुटे भाग एकत्र करून त्यातले दोन-तीन चालू होऊ शकतात. नवीन रॅम विकत घेण्याआधी शेजारच्या बंद डब्यात बघा.

मुंबईहून आणलेल्या कंपनीच्या मशीनमध्ये दोन अडचणी येतात. एक म्हणजे बायोसला कंपनीचा पासवर्ड असतो. तो काढून घेतल्याशिवाय डबा आणू नका, आणि मशीन रीतसर विकल्याचा किंवा दिल्याचा कागद मागा. दुसरी अडचण पॉवर सप्लायची. डेल, एचपी, लेनोवोच्या अनेक ऑफिस मॉडेलमध्ये पॉवर सप्लायचा आकार आणि कनेक्टर वेगळा असतो. बाजारातला साधा त्यात बसत नाही, मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. तो धड आहे का, हे आधी बघा.

हिशोब कागदावर मांडा

रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत. म्हणून कोणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगितलेला भाव धरू नका, आजचा विचारा. पुढचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत.

समजा, एसएसडी २,००० रुपये, रॅम १,५००, सेल आणि प्रोसेसरची पेस्ट १५०, मजुरी ५००. एकूण ४,१५०. आणि वॉरंटीसह आठव्या पिढीचा तयार सेकंडहँड डेस्कटॉप १२,००० ला मिळतोय. तुमचा खर्च त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास आहे, म्हणजे दुरुस्त करायला हरकत नाही. आता पॉवर सप्लायही गेला आणि त्याचे १,५०० वाढले तर खर्च ५,६५० झाला, जवळजवळ निम्मा. इथे थांबा. निम्म्याच्या वर गेलं की दुरुस्ती नको.

विजेचा खर्च म्हणून घाबरवतात, तोही मांडू. जुना डेस्कटॉप ८० वॅट धरला आणि रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस चालवला तर १६ युनिट होतात. २० वॅटचा छोटा नवा डबा घेतला तर ४ युनिट. महिन्याला फरक १२ युनिटचा. तेवढ्यासाठी नवीन घेणं परवडत नाही.

खर्च करायचाच तर अर्थिंग आणि यूपीएसवर करा. आपल्याकडे मे-जूनच्या विजा आणि वरचेवर जाणारी लाइट यांनी जेवढे बोर्ड जाळले तेवढे म्हातारपणाने मेले नसतील. गडगडायला लागलं की वीज आणि इंटरनेट, दोन्हींच्या वायरी काढा.

लिनक्स चालेल का?

केरळातल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली केली आहे. 'लिनक्स मिंट' ४ जीबी रॅमवर ठीक चालते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, अपडेट मिळतात आणि परवान्याचे पैसे नाहीत. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येते, डिस्कवर काही पुसलं जात नाही.

पण दोन गोष्टी आधी विचारा. तुमचं अंगठ्याचं मशीन, डोंगल आणि प्रिंटर लिनक्सवर चालतो का? आणि जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये आहेत का? त्या फाइली फाँट नसेल तर अगम्य दिसतात. म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. ग्रामपंचायतीची, सोसायटीची दहा-दहा वर्षांची पत्रं अशी अडकून पडलेली असतात.

टाकायचं ठरलं तर

डिस्क आधी काढा. 'फॉर्मॅट मारला' म्हणजे माहिती गेली असं नाही, ती परत काढता येते. लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकं, सह्या, सगळं त्यात असतं. डिस्क पूर्ण पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसा, नाहीतर ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा.

ग्रामपंचायत किंवा शाळेचा डबा असेल तर तो जड वस्तू संग्रह नोंदवहीत चढवलेला असतो. निर्लेखनाची रीत पूर्ण केल्याशिवाय तो विकता किंवा कोणाला देता येत नाही. ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. गावकऱ्यांनीही विचारायला हरकत नाही की नवीन कॉम्प्युटरचा ठराव आणण्याआधी जुना कोणी उघडून बघितला का.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तो पऱ्यात किंवा गडग्यापलीकडे टाकू नका, आणि तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर विषारी असतो.

दुकानात जाताना एवढं करा : प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, डिस्क कुठली आणि तुमचं काम काय, हे चार ओळींत कागदावर लिहून न्या. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि बदललेले जुने भाग परत घ्या. हातात कागद असला की समोरचाही नीट बोलतो.