डी.एन.ए. लस : स्वरूप, उपयोग व मर्यादा

मानवात नव्याने आढळणाऱ्या बहुसंख्य विषाणूजन्य रोगांचे मूळ प्राण्यांत असते. निपाह विषाणू वटवाघळांत, तर वेस्ट नाईल पक्ष्यांत वास करतो. पारंपरिक लसीसाठी असा विषाणू वाढवून मारावा किंवा दुर्बल करावा लागतो. घातक विषाणूंच्या बाबतीत हे काम धोक्याचे व वेळखाऊ ठरते.

डी.एन.ए. लसीत संपूर्ण विषाणू लागत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक प्लाझ्मिड या वर्तुळाकार डी.एन.ए.मध्ये जोडतात व ते जीवाणूंत वाढवून शुद्ध करतात. त्वचेत किंवा स्नायूत टोचल्यावर आपल्याच पेशी ते प्रथिन तयार करतात आणि प्रतिकारशक्ती ते ओळखावयास शिकते. नवा विषाणू आल्यास तेच प्लाझ्मिड ठेवून केवळ जनुक बदलता येते.

वेस्ट नाईलचे उदाहरण बोलके आहे. १९३७ साली युगांडात सापडलेला हा विषाणू १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोहोचला. कावळे व घोडे मोठ्या संख्येने मेले. अवघ्या सहा वर्षांत, २००५ साली, घोड्यांसाठीच्या डी.एन.ए. लसीला अमेरिकेत परवाना मिळाला.

मानवात मात्र यश उशिरा आले. डी.एन.ए.ला पेशीचे व केंद्रकाचे अशी दोन आवरणे ओलांडावी लागतात. त्यामुळे उंदरांत प्रभावी ठरलेली लस माणसांत क्षीण पडे. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडवरील ‘झायकोव्ह-डी’ या लसीला आपत्कालीन मान्यता मिळाली. मानवासाठी मान्यता मिळालेली ही जगातील पहिली डी.एन.ए. लस होय. ती सुईविना, दाबयुक्त उपकरणाने त्वचेत दिली जाते. अंतरिम निष्कर्षांत तिची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली. त्यासाठी तीन मात्रा आवश्यक होत्या.

“या लसीने आपला डी.एन.ए. बदलेल का?” हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यावर हसू नये, रागावूही नये. प्लाझ्मिड केंद्रकात शिरते, हे खरे. परंतु ते गुणसूत्रांपासून वेगळे राहते. प्राण्यांवरील अभ्यासांत ते गुणसूत्रात मिसळण्याचे प्रमाण नैसर्गिक उत्परिवर्तनापेक्षाही पुष्कळ कमी आढळले. ‘कधीच नाही’ असे ठोकून सांगण्यापेक्षा एवढेच प्रामाणिकपणे सांगावे. लसीविषयीचा विश्वास वर्गातील अशा उत्तरांतूनच घडतो किंवा ढासळतो.