आजीची ब्राह्मी आखाड्यात

परीक्षा जवळ आली की कोल्हापुरातल्या कितीतरी आज्या नातवंडांच्या डोक्यावर ब्राह्मी-माक्याचं तेल थापतात. "पाठांतर पक्कं राहतंय बघ!" असं वर सांगतातही. खरंच राहत असेल का? चला, ब्राह्मीला आखाड्यात उतरवूया!

पण ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती? एका घरी विचारलंत तर गोलसर पानांची, जमिनीवर पसरणारी वेल दाखवतील. ती मंडूकपर्णी. दुसऱ्या घरी इवल्याशा जाडसर पानांचं, फिक्या फुलांचं रोप दाखवतील. ती जलब्राह्मी. दोघींना ओलावा आवडतो, दोघींना लोक ब्राह्मीच म्हणतात, पण त्यांची कुळं मात्र पार वेगळी! म्हणून पहिली परीक्षा ओळखीची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. हाती आलेलं रोप अशा नमुन्यांशी ताडून पाहिलं की त्याचं खरं नाव ठरतं.

आता दुसरी परीक्षा. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन मात्र तो २० टक्के वापरतो! एवढ्या कामात काही उपद्रवी रेणूही तयार होतात आणि पेशींना इजा करतात. शास्त्रज्ञ काचेच्या बशीत पेशी वाढवतात आणि त्यांवर असेच उपद्रवी रेणू सोडतात. काही बश्यांत आधी वनस्पतीचा अर्क घालतात, काहींत नाही. मग मोजतात, कुठे जास्त पेशी जगल्या?

तिसरी परीक्षा पोहण्याची! १९८१ साली रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती मांडली. गढूळ पाण्याच्या गोल हौदात एक छोटा चौथरा लपवलेला असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. रोज सराव झाला की आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवून तो झटकन तिथे पोचतो. अर्क दिलेला उंदीर लवकर पोचतो का, हे घड्याळ लावून बघतात.

आणि शेवटची कुस्ती माणसांची. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात जोड कशी लावतात? तोलामोलाचे पैलवान निवडून! इथेही तसंच. सारख्या वयाच्या माणसांचे दोन गट करतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती मिळाली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही.

ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वर्षांच्या ७६ जणांवर जलब्राह्मीची अशीच चाचणी झाली. तिचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी दिसलं ते असं: ब्राह्मी घेणारे नव्याने शिकलेलं कमी विसरत होते. शिकण्याचा वेग मात्र वाढला नव्हता! शिवाय ही चाचणी मोठ्या माणसांची आणि पोटात घ्यायच्या गोळीची. डोक्यावर चोळायच्या तेलाची कुस्ती वेगळीच लावावी लागेल.

सगळ्या कुस्त्या जिंकून खरोखरचं औषध झालेली वनस्पतीही आहे बरं का! स्नोड्रॉप नावाच्या पांढऱ्या फुलाच्या कंदातून गॅलँटामाइन मिळालं. स्मृती हरवत नेणाऱ्या अल्झायमर आजारात डॉक्टर ते देतात. तो आजार बरा होत नाही, पण काही रुग्णांना थोडा काळ आधार मिळतो. आपल्या अंगणातली सुदर्शन याच फुलाच्या कुळातली! पण तिचा कंद विषारी असतो, म्हणून कोणतंही पान किंवा कंद आपल्या मनाने तोंडात घालायचा नाही.

या सुट्टीत एक काम करा. आजीला विचारा, "तुझी ब्राह्मी कोणती?" तिची एक डहाळी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा. खाली गाव, तारीख आणि आजी तिला काय म्हणते ते लिहा. आजीच्या शब्दाची पहिली परीक्षा तुमच्याच हातून सुरू होईल!