पिवळा उंदीर, तपकिरी उंदीर

मित्रहो, उंदराची दोन सख्खी भावंडं डोळ्यांसमोर आणा. आई एक, वेत एक, जनुकंही सारखीच. तरी एक पिवळाधमक, लठ्ठ, मधुमेहाकडे झुकलेला. दुसरा तपकिरी, सडपातळ, धडधाकट. असं का व्हावं?

आपल्याला वाटतं, डीएनए म्हणजे शिलालेख. जे अक्षर जिथं कोरलं तिथंच राहणार. पण त्यातले काही तुकडे भटके असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते १९४० च्या दशकात मक्यात ओळखले. नोबेल मिळायला १९८३ साल उजाडलं. माणसाच्या जनुकसंचाचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला जवळजवळ ४५ टक्के भाग असे तुकडे आणि त्यांचे अवशेष यांनीच व्यापलेला आढळला. बहुतेक मोडके, पण काहींची खोड गेलेली नाही. १९८८ साली हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत असा तुकडा रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या जनुकातच शिरलेला सापडला.

पेशी या भटक्यांना हाकलत नाही, गप्प बसवते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिथाइल नावाचा इवलासा गट त्यांच्यावर चिकटवते. मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या वहीत खोडलेल्या ओळी पुष्कळ. ओळ तिथंच असते, फक्त वाचायची नसते. तसंच हे.

पिवळ्या उंदरात अगुटी नावाच्या जनुकाशेजारच्या तुकड्यावर ही खूण नसते, म्हणून तो जनुकाला नको तिथं, नको तेव्हा जागं ठेवतो. तपकिरी भावंडात खूण असते. २००३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण माद्यांना फॉलिक आम्ल, बी-१२ यांसारखे मिथाइल पुरवायला मदत करणारे घटक दिले; तपकिरी पिल्लं वाढली. मात्र हा तुकडा अपवादात्मक आहे. त्यावरून कुणी मनानं गोळ्या घेऊ नयेत.

गर्भावस्थेत या खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात, पुन्हा उमटवल्या जातात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खुणा उमटवायला मदत करणारं प्रथिन नर उंदरांतून काढलं, तेव्हा शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत भटके तुकडे जागे झाले आणि शुक्राणूच तयार होईनात. वंश तिथंच थांबला.

डीएनए वारशानं मिळतो, मित्रहो. त्यातली शांतता मात्र प्रत्येक पिढीला नव्यानं राखावी लागते.