काळा पडदा, चालू संगणक

लिनक्स टाकलं, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाठिक्कर! पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड जळालं असं समजून दुकान गाठू नका. बहुतेकदा गडबड ड्रायव्हरची असते.

पडद्याचं रेझोल्युशन ठरवण्याचं काम २००९ पासून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः करू लागला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर २०१० मध्ये त्यात आला. कार्डाची अंतर्गत माहिती हाती नसताना, त्याचं वागणं निरखत स्वयंसेवकांनी तो लिहिला. हे काम खरोखर थोर आहे. पण नव्या कार्डांपुढे तो अनेकदा अडखळतो आणि पडदा काळा राहतो.

अशा वेळी संगणक सुरू होताना ग्रब या बूटलोडरचा मेनू दिसला की ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, थोडी जागा सोडून, ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत सलग टाइप करा आणि एफ१० दाबा. आता कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नादी न लागता फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर भागवतो. चित्र ओबडधोबड, हालचाल संथ, पण पडदा उजळतो. बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा.

मग उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय, चालू असेल तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ निवडू नका. ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्या, नाहीतर कर्नल नवा ड्रायव्हर दारातूनच परत पाठवतो.