पाठचिकित्सा, वैद्यक आणि गणित : सोलापूरच्या तीन ग्रंथांच्या निमित्ताने

मराठीत ज्याला ‘संशोधन’ म्हटले जाते त्या शब्दाचा हिंदीतील रूढ अर्थ ‘दुरुस्ती’ असा आहे. घटनेत बदल होतो तेव्हा हिंदी वृत्तपत्रे ‘संविधान संशोधन’ असेच लिहितात. आयुर्वेदात याच शब्दाने शरीरातील दोष बाहेर काढणाऱ्या वमन-विरेचनादी उपचारांचा बोध होतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते कार्य या धात्वर्थाच्या अधिक जवळचे होय. ‘चिकित्सा’ आणि ‘संहिता’ हे शब्दही असेच साहित्य व वैद्यक या दोन्ही क्षेत्रांत नांदतात. चरकाची संहिता असते, तशी नाटकाचीही असते. वैद्य रोगाची चिकित्सा करतो, संपादक पाठाची. तथापि शब्द सामाईक असले म्हणून पद्धतीही सामाईक आहेत काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचा विचार करण्यास सोलापुरात प्रसिद्ध झालेले तीन ग्रंथ विशेष उपयुक्त ठरतात.

उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित करून 1940 साली सोलापूरहून प्रकाशात आणला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेचा आरंभ यतिवृषभाच्या ‘तिलोयपण्णत्ती’ने केला. या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग 1943 मध्ये व दुसरा 1951 मध्ये निघाला. संपादक होते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे आ. ने. उपाध्ये आणि अमरावतीस संस्कृतचे अध्यापन करणारे हीरालाल जैन. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ त्याच मालेत 1963 साली लक्ष्मीचंद्र जैन यांच्या संपादनाने आला. तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हते. ते 2004 साली झाले. कापडगिरण्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या विद्याव्यवहाराची ही बाजू मराठीच्या अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षितच राहिली आहे.

‘तिलोयपण्णत्ती’त पाच हजारांहून अधिक गाथा आहेत. विषय त्रैलोक्यरचनेचा असल्यामुळे द्वीप-समुद्रांचे व्यास, परिघ, क्षेत्रफळे आणि घनफळे यांची त्यात रेलचेल आहे. मोठमोठ्या संख्या गाथेत अंकवाचक शब्दांनी, बहुधा एकम् स्थानापासून उलट क्रमाने दिलेल्या असतात. लेखनिकाच्या हातून एखादा शब्द सुटला तर मात्रा कमी पडतात आणि संख्याही बिघडते. म्हणजे येथे संपादकाच्या हाती छंद आणि गणित अशा दोन कसोट्या असतात. पदाच्या किंवा अभंगाच्या संपादकाला यांपैकी दुसरी कधीच लाभत नाही. त्याला प्रतींची वंशावळ, भाषेचे रूप आणि अर्थाची संगती यांवरच भिस्त ठेवावी लागते. काव्याच्या पाठचिकित्सेत निर्णय बहुधा संभाव्यतेवर थांबतो, तो का, हे या तुलनेने स्पष्ट होते.

परंतु गणिताची कसोटी दुधारी आहे. जंबूद्वीपाचा व्यास एक लक्ष योजने धरला असून परिघ 3,16,227 योजने व वर काही अंश इतका सांगितला आहे. व्यासाच्या वर्गाची दहापट करून त्याचे वर्गमूळ काढले की हा आकडा मिळतो. आजच्या गणिताने परिघ सुमारे 3,14,159 योजने येतो. दोन हजारांहून अधिक योजनांचे अंतर पडते. अंक ‘बरोबर’ करण्याच्या भरात एखाद्याने मूळचा आकडा बदलला, तर ग्रंथकार दहाचे वर्गमूळ वापरीत होता याचा पुरावाच नाहीसा होईल. लेखनिकाची चूक काढावयाची आणि ग्रंथकाराची जपावयाची, हे पाठसंपादनाचे अवघड पथ्य आहे. ‘गणितसारसंग्रहा’त तर याचे आणखी ठळक उदाहरण सापडते. शून्याने भागले असता संख्या अविकृत राहते, असे नवव्या शतकातील महावीराचार्य सांगतात. विधान सदोष आहे, पण पाठ निर्दोष आहे. ऋणसंख्येला वर्गमूळ नसते हे त्यांचे निरीक्षण मात्र गणितेतिहासात आवर्जून नोंदले जाते. पहिले विधान गाळून दुसरे ठेवण्याची मुभा संपादकाला नाही. रंगाचार्यांनी हाच ग्रंथ 1912 साली मद्रासेहून इंग्रजी अनुवादासह काढला होता. त्यानंतर अर्धशतकाने गणितज्ञाने त्याकडे पुन्हा वळावे, यातही काही विशेष आहे.

वैद्यकात ही सवलत संपते. ‘कल्याणकारका’ची औषधयोजना मद्य, मांस आणि मधु वर्ज्य करून केलेली आहे, मांसाशनाच्या निषेधाचे प्रतिपादन नृपतुंग राजाच्या सभेत झाल्याचेही त्यात नमूद आहे. साहित्याच्या व धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला येथे एका आचारधर्माने शास्त्राला दिलेले वळण दिसते, आणि तेवढ्यावर त्याचा प्रबंध उभा राहू शकतो. वैद्याला मात्र पर्यायी द्रव्याने रोग बरा होतो किंवा कसे, हेच विचारावे लागते. एखाद्या मात्रेचे दोन पाठ मिळाले तर संपादक एक वर घेतो व दुसरा तळटीपेत देतो. रोग्याला तळटीप देता येत नाही. 1947 साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली, तेव्हा रुग्णांची विभागणी यदृच्छेने करण्यात आली. परीक्षकाच्या मनाचा कल निष्कर्षात उतरू नये म्हणून. साहित्यसमीक्षेत अभ्यासकाचा कल पूर्णतः वगळला तर हाती फारसे उरत नाही. अभियंत्याचे तर तिसरेच. सोलापूरच्या उत्तरेस 1871 साली बांधलेल्या एकरुख तलावासारख्या कामात तो चूक होणारच असे धरून चालतो आणि भार येईल त्याहून अधिक बळ बांधकामात ठेवतो.

शिवाजी विद्यापीठाच्या काळात सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय (1963), अभियांत्रिकीचे वालचंद महाविद्यालय (1983) आणि कला महाविद्यालये एकाच छत्राखाली होती. 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले आणि वैद्यक वेगळे पडले. सोलापूर विद्यापीठाला ती शाखा लाभलीच नाही. विद्याशाखा अशा दूर गेल्या, पण मोजपट्टी मात्र एक होत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधलेख सर्वच शाखांना बंधनकारक केला; 2022 च्या विनियमांत ती अट उरली नाही. 2018 च्या कोष्टकात शोधलेखास विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक यांकरिता 8 आणि भाषा व मानव्यविद्यांकरिता 10 गुण ठरविले गेले. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या संपादनाला मात्र दोन्हीकडे 8 गुण. या हिशेबाने ‘तिलोयपण्णत्ती’चा एक संपूर्ण भाग त्यावर लिहिलेल्या एका लेखापेक्षा दोन गुणांनी उणा भरतो. हस्तलिखितांच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय सुचविताना मार्गदर्शकाचा हात का आखडतो, त्याचे एक कारण या कोष्टकातही आहे.