भिवंडीच्या खाडीत भराव पडताना दिसला, तर काय कराल?

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण याच तालुक्यात काल्हेर, कशेळीच्या कडेने उल्हास नदीची खाडी जाते आणि तिच्या काठी खारफुटी आहे. तिथल्या चिखलात कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या वाढतात.

खारफुटी मरते कशी?
दरवेळी कुऱ्हाड लागत नाही. डेब्रिज टाकून भरतीचं पाणी अडवलं की झाडं उभ्या जागी सुकतात. मग ‘इथे खारफुटी नव्हतीच’ असं म्हणणं सोपं जातं.

कायदा काय सांगतो?
बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला:
• जमीन सरकारी असो वा खासगी, खारफुटी तोडायला आणि तिथे भराव टाकायला राज्यभर बंदी.
• भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम नाही.
• बेकायदा नष्ट केलेली खारफुटी पुन्हा उभी करणं ही सरकारची जबाबदारी.

अपवाद फक्त लोकहिताच्या कामाचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. बुलेट ट्रेनला ती डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली.

मग स्वयंसेवक काय करतात?
खारफुटी होती, याचा पुरावा जपतात. झाडं हिरवी असतानाच एकाच जागेवरून ठरावीक काळाने फोटो काढायचे, तारीख आणि लोकेशनसह. भराव दिसला की तहसीलदार आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची. ट्रक अडवायला एकट्याने जायचं नाही.

रील नंतरही टाकता येईल. आधी तक्रार नोंदवा.