तहान आणि उन्हातील काम

वैशाखाच्या उन्हात नांगरणी करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात लिटरभर घाम जाऊ शकतो. घामात मीठ असते. परंतु त्या मानाने पाणी अधिक जात असल्यामुळे रक्त अधिक खारट होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान भागास शेकडा एक-दोन इतका फरकही कळतो. १९५२ साली स्वीडनमधील संशोधक बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या मेंदूच्या या भागात मिठाच्या पाण्याचा अल्प अंश सोडला, तेव्हा त्या भरपूर पाणी पिऊ लागल्या.

हा भाग तहान उत्पन्न करतो, तसेच एका ग्रंथिरसाच्या द्वारे मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवण्याची सूचना देतो. म्हणूनच पाणी कमी पडले की मूत्र थोडे व गडद पिवळे होते.

तथापि केवळ तहानेवर विसंबू नये. प्यालेले पाणी रक्तात पुरते मिसळण्यापूर्वीच तहान शमते व तूट शिल्लक राहते. वृद्धांस तर तहान कमीच जाणवते. यास्तव उन्हात काम करताना दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे आणि न्याहारीस व जेवणात मीठ घातलेले ताक किंवा आंबील घ्यावी. नुसते पाणी एकाच वेळी अतोनात पिऊ नये. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घातक इतके घटू शकते.

उन्हात कोणी बरळू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसलेल्या माणसास पाणी पाजू नये. ग्रामसेवकांनी उन्हाळी कामे सुरू होण्यापूर्वीच ही माहिती गावात सांगावी.